सावडीचा दिवस

घोडेगाव मागे टाकून गाडी डिंभ्याच्या रस्त्याला लागली की पाट्या सुरू होतात. 'अस्सल गावरान अनुभव'. 'चुलीवरचं जेवण'. 'धरणाकाठी तंबूत मुक्काम'. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे 'शेतकऱ्यासोबत एक दिवस'. अहो, माझी निम्मी हयात शेतकऱ्यासोबत गेली, त्याची पाटी कुणी लावली नाही. मी डिंगोऱ्याची. माळशेज घाटाचा रस्ता आमच्या गावावरूनच जातो, त्यामुळे पावसाळी पर्यटक हा प्राणी मला कळायला लागल्यापासून ओळखीचा. तो गाडीची काच चार बोटं खाली करतो आणि विचारतो, धबधबा कुठंय? हात करून दाखवला की विचारतो, याच्यापेक्षा मोठा नाही का? जसं काही आम्ही मोठे धबधबे फडताळात दडवून ठेवलेत. मग आमच्या टोमॅटोच्या बांधावर वेफर्सची रिकामी पाकिटं टाकतो आणि निसर्ग बघायला पुढे जातो.

लग्न होऊन पुण्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. एका खासगी कंपनीच्या ऑफिसात नोकरी करते. तिथे दर पावसाळ्यात माणसांच्या अंगात निसर्ग संचारतो. सोमवारी डबे उघडले की शनिवार-रविवारच्या कहाण्या सुरू. कुणी किल्ला 'केलेला' असतो, कुणी घाट 'केलेला' असतो. किल्ला आम्ही दिवाळीत करायचो, अंगणात, मातीचा. हे लोक चार तास चढून उतरतात आणि पुढचे चार दिवस मांड्या चोळत त्याचंच पुराण लावतात. मी आपली चटणी-भाकरी खात ऐकत असते. माझं तोंड फटकळ आहे हे मला मान्य आहे, म्हणून तर भाकरीत गुंतवून ठेवते.

पण एका सोमवारी राहवलं नाही. आमच्या मॅडम सांगत होत्या की कुठल्याशा रिसॉर्टवर त्यांना गाईची धार काढू दिली, पण गाय एकच आणि रांग मोठी, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच पिळेच आले. मी म्हटलं, एवढी हौस आहे तर माझ्या मावशीकडे चला की. तळेघरच्या पुढे वाडीत असते. तिथे नाटक नाही, सगळं खरं आहे. बोलून गेले आणि लगेच जीभ चावली, पण तोवर सगळ्यांनी माना वर केल्या होत्या.

या मॅडम म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य. वयाने माझ्याएवढ्याच. केस कधी विस्कटलेले पाहिले नाहीत. खुर्चीवर बसायच्या आधी खुर्ची पुसतात, आणि आपण अर्धा दिवस घालवून लिहिलेल्या पत्रातला एक चुकलेला स्वल्पविराम पहिल्या मिनिटात शोधून काढतात. मला त्या आवडत नव्हत्या, उगाच आडपडदा कशाला ठेवू? त्यांनी तिथल्या तिथे मोबाइलवर 'भीमाशंकर परिसरात करण्यासारख्या गोष्टी' अशी एक यादी काढली आणि तिच्या तळाशी माझी मावशी घातली.

जुलैतला शनिवार. मिनीबस केली. आठ जण ते आणि नववी मी. डिंभे धरणापाशी पहिला थांबा. तिथे पाण्याकडे पाठ करून पाऊण तास फोटो. नंतर धबधबा. तो लहान निघाला म्हणून दुसरा. दुसऱ्यावर गर्दी होती म्हणून परत पहिला. भीमाशंकरला पोहोचलो तर सगळं रान धुक्यात बुडालेलं, समोरचा माणूस दिसेना. मला वाटलं, आता तरी हे लोक गप्प उभे राहतील. छे! फोटो येत नाहीत म्हणून देवाचं दर्शन रद्द झालं. आमच्यातल्या एका गृहस्थांनी चालण्यासाठी दोन काठ्या विकत आणल्या होत्या, एकेका हातात एकेक. ज्या वाटेने माझी मावशी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन अनवाणी येते, त्या वाटेने हे गृहस्थ चार पायांवर निघाले होते.

तळेघरच्या पुढे गाडी सोडून अर्धा तास चालावं लागतं. मी पुढे, बाकी वरात मागे. प्रत्येक दहा पावलांवर कुणीतरी 'वॉव' म्हणत होतं. वॉव म्हणण्यासारखं काय होतं? शेवाळलेला दगड, वाटेत आडवा पडलेला वेल, एक खेकडा. त्या खेकड्याचे एवढे फोटो निघाले की त्याने शेवटी बीळच बदललं.

आता मावशीचं सांगते. ती माझ्या आईची धाकटी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा चाकणच्या कंपनीत, त्याला आवणीच्या दिवसांत रजा मिळत नाही. आवणी म्हणजे भाताची लावणी. मावशीची चार खाचरं आहेत आणि सगळी ती एकटीच्या बळावर करते. एकटीच्या म्हणजे सावडीच्या. सावड म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आज तुम्ही माझ्या खाचरात लावायला या, उद्या मी तुमच्या खाचरात येते. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. ज्याची आवणी त्याने जेवण घालायचं. पण दिवसाला दिवस परत केलाच पाहिजे. त्यात कसूर झाली की माणूस वाडीतून उठलं. भांडण होत नाही, कुणी तोंडावर बोलत नाही. फक्त पुढच्या वर्षी तुमच्या खाचरात कुणी येत नाही.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी मावशीची पाळी होती. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या चिखलात वाकून आली होती. पण तिच्याकडे येणाऱ्या पाच बायकांपैकी तिघी तापाने पडल्या. रोप तर सकाळीच उपटून झालेलं. उपटलेलं रोप फार वेळ ठेवता येत नाही, पिवळं पडतं. शेवटच्या मोठ्या खाचरात मावशी आणि दोन बायका, प्लास्टिकचे कागद पांघरून, तोंडातून शब्द न काढता लावत होत्या. मावशीने आम्हाला बघितलं, हसली आणि परत वाकली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आज काही हे खाचर उरकत नाही.

मॅडमनी विचारलं, आम्ही करून बघू का? मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला, म्हणजे खेळू दे गं यांना. मग काय विचारता! पॅन्ट्स गुडघ्यापर्यंत दुमडल्या गेल्या. सगळ्यांचे मोबाइल माझ्या ओटीत आले, कारण मी चिखलात उतरणार नव्हते. मी कशाला उतरू? मला काय नवलाई आहे? मी छत्री उघडून बांधावर बसले आणि फर्माइशीप्रमाणे फोटो काढत राहिले. मनातल्या मनात प्रत्येकाची अशी काही सालटी काढली म्हणता! काठ्यावाले गृहस्थ तिसऱ्या पावलाला बसले ते बसलेच. ऑफिसातली नवी मुलगी एक काडी लावायची, केस मागे घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. कुणी रोप उलटं खोचलं. कुणी अख्खी जुडी एकाच जागी रोवली. त्या दोन बायका मागून येऊन तरंगणारं रोप गुपचूप गोळा करत होत्या.

अर्ध्या तासात हौस फिटली. ओढ्यात पाय धुऊन सात जण फाट्यावरच्या हॉटेलात 'चुलीवरचं जेवण' जेवायला निघून गेले. मॅडम मागे राहिल्या. त्या म्हणाल्या, मी येते थोड्या वेळाने. सुरुवातीला त्यांचं रोपही वाकडंच लागत होतं. मावशीने त्यांचा अंगठा आपल्या हातात धरला आणि तीन-चार काड्या कशा धरायच्या, अंगठ्याने कशा दाबायच्या, किती दाबायच्या ते दोनदा दाखवलं. त्यानंतर मॅडमनी डोकं वर काढलं नाही. मी दोनदा हाक मारून सांगितलं की भरपूर फोटो झालेत, आता बाहेर या. त्यांनी ऐकलं नाही. मला वाटलं, बघा, इथेसुद्धा टार्गेट पुरं करायचंय बाईला. साडेचारला खाचर संपलं तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येईना. कमरेवर हात ठेवून त्या बांधावर चढल्या. केसांचा पार उकिरडा झाला होता. ते पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग त्या चौघी ओसरीवर जेवल्या. नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण, भात. मीही बसले पंगतीला. निघताना मॅडमनी पर्समधून नोटा काढून मावशीच्या हातात कोंबल्या. मावशीने त्यांचा हात तसाच मागे सारला.

"सावडीच्या मान्साकडनं पैसं घेत्यात व्हय, बाई?"

मॅडमना काही कळलं नाही. गाडीत त्यांनी मला सावड म्हणजे काय ते विचारलं, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की आता माझी मावशी तुमच्या घरी एक दिवस राबायला येणार, भांड्यांची तयारी ठेवा. गाडी खो खो हसली. मीही हसले. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

ऑगस्टात मावशीचा पहिला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, त्या बाईंकडं कवा येऊ? मला वाटलं गंमत करतेय. मी म्हटलं, ये की, त्यांचा बंगला सारवायचाय. ती गंभीरपणे म्हणाली, बरं, मंग गणपती झालं की येते. तेव्हा माझी ट्यूब पेटली. कपाळाला हात लावला मी. ही बाई त्या शहरी चोचल्यांना सावड समजून बसली होती. शहराचं वारं न लागलेली माणसंच अशी चूक करू शकतात. आता हिला काय सांगायचं?

मी समजावलं. अगं, ते लोक मजा करायला आले होते. रिसॉर्टवाल्यांना तर अशा कामाचे उलटे पैसे मोजून देतात. ती तुझी सावड नाही, त्यांची करमणूक होती. मावशी म्हणाली, "बाकीचं खेळलं. खेळणं आन काम मला कळत न्हाई व्हय? पर ती बाई संपस्तोवर वाकली व्हती. तिचा दिस हाय माज्याकडं."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी फोन. मी थापा मारायला सुरुवात केली. मॅडम परगावी गेल्यात. मॅडमकडे पाहुणे आहेत. मॅडमचं घर रंगवायला काढलंय. एकदा तर मी त्यांची बदलीच करून टाकली. मावशी प्रत्येक वेळी 'बरं' म्हणायची. ते 'बरं' ऐकून मला तिचीच चीड यायची. एवढा काय तो अट्टाहास? आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. माझ्या सख्ख्या मावशीने माझ्या साहेबाच्या घरी जाऊन झाडू मारायचा, आणि मी सोमवारी त्याच साहेबासमोर सह्यांची फाइल घेऊन उभं राहायचं?

दिवाळीच्या आधी मावसभाऊ भेटला, तेव्हा सगळा उलगडा झाला. वाडीतल्या बायकांनी बघितलं होतं की मावशीच्या मोठ्या खाचरात एक परकी बाई काम संपेपर्यंत राबली. त्या बाईमुळेच ते खाचर त्या दिवशी उरकलं होतं, नाहीतर रोप गेलं असतं. आता नळावर रोज कुणी ना कुणी विचारत होतं की गेलीस का गं फेडायला? पुण्याच्या मान्साची सावड बुडवली तर आमची काय ठिवनार, असंही एकीने म्हणून झालं होतं. आणि वाडीने पाठ फिरवली की मावशीची चार खाचरं पडीक. मुलगा येऊ शकत नाही, मजूर त्या डोंगरात मिळत नाही, आणि भात हेच तिचं वर्षाचं पोट. मी फोनवर परत थाप मारायला गेले तेव्हा ती पहिल्यांदाच तुटक बोलली.

"दुसऱ्याचा दिस माज्या उंबऱ्यात आडकून पडलाय. म्होरल्या साली माज्या खाचरात कोन पाय घालंल?"

तरी मी हललेच नाही. कामात होते म्हणून सांगता येईल, पण ते खोटं आहे. मला नको होतं, एवढंच.

भाताची झोडणी उरकली आणि एका रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशी पुण्यात, वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर उभी होती, स्वतःचा बंद पडला म्हणून कुणा प्रवाशाचा मोबाइल मागून घेऊन. मी जाऊन बघते तर काखेत पिशवी, पिशवीत प्रवासाची भाकरी आणि विळा. विळा! मी म्हटलं, हा कशाला आणलास? तर म्हणाली, सावडीला जाताना आपलं हत्यार आपण न्यायचं आसतं, त्यांच्याकडं बागबिग आसंल. माझ्या घरी चहाही न घेता म्हणाली, आदी बाईंकडं चल, दिस चढला. रस्ताभर मी तिला झापलं. तिने ऐकून घेतलं. सोसायटीच्या फाटकावर सुरक्षारक्षकाने विळा काढून घेतला आणि वहीत आमची नावं लिहिली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मॅडमनी दार उघडलं, ओळखलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. अय्या मावशी, बसा बसा. सोफा, चहा, बिस्किटं. मावशी सोफ्याच्या कडेला टेकली, चहा प्यायली आणि म्हणाली, काय काम हाय ते दावा. मॅडम म्हणाल्या, अहो कसलं काम, तुम्ही आराम करा. मावशीने परत विचारलं. मॅडम आत गेल्या आणि एक नवी साडी आणि पाकीट घेऊन आल्या, हळदी-कुंकवाच्या ताटात, अगदी प्रेमाने. मावशीने त्या ताटाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मी तिला रडताना त्याआधी दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा मयताला.

"मी मागाय न्हाई आले, बाई. तुमी माजं खाचर लावलं. माजा दिस घ्या. न्हाई घेतला तर मला वाडीत तोंड दावाय जागा न्हाई."

मी जमिनीकडे बघत होते. मॅडमनी ताट आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, पंधरा वर्षांत माळा काढलेला नाही, एकटीने निघत नाही, निघेल का दोघींनी? मावशीने पदर खोचला. मॅडमनी स्टूल आणलं. मला बघवेना. काहीतरी काम असल्याचं सांगून मी निघून आले.

संध्याकाळी आणायला गेले तर दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून वरणभात जेवत होत्या. मॅडमच्या डोक्याला फडकं, नाकावर धुळीचा पट्टा. दिवाणखान्यात चौदा बॅगा, तीन पंखे, एक पाळणा आणि न उघडलेल्या भेटवस्तूंचा ढीग. परत येताना मावशी तोंडाला खळ नसल्यासारखी बोलत होती. येवढ्या ब्यागा घेऊन कुठं जात्यात गं ही मान्सं? आन तीन तीन पंखं कुणाच्या अंगावर फिरवायचं? तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. मॅडमच्या फाटकावरून विळा तिने आदल्या संध्याकाळीच आठवणीने परत घेतला होता.

मी सोमवारी ऑफिसात काय केलं असेल? डब्याच्या वेळी, मॅडम मीटिंगमध्ये असताना, सगळी गोष्ट रंगवून सांगितली. विळा, सुरक्षारक्षक, माळा. मावशीचा आवाज काढून. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. काठ्यावाले गृहस्थ म्हणाले, हाऊ क्यूट. मला त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात डबा घालावासा वाटला, पण गोष्ट मीच सांगत होते.

पुढचा जुलै आला. यंदा मला मनापासून जावंसं वाटत होतं. ही वरात न घेता, एकटीने. आवणीच्या वेळी जायचं, चिखलात उतरायचं, मावशीच्या बरोबरीने लावायचं. मला येतं ते. लहानपणी मेच्या सुट्टीनंतर दोन पावसाळे मी तिच्याकडेच राहिले होते. हाताला अजून आठवत असणार, अशी माझी खात्री होती. रजेचा अर्ज लिहून ठेवला आणि मावशीला फोन केला. म्हटलं, आवणी कधी काढलीस? मी येतेय.

मावशी म्हणाली, "आवनी झाली की गं. गेल्या गुरवारीच उरकली."

कोण कोण होतं म्हणून विचारलं. वाडीतल्या पाचजणी होत्या, आणि तुमच्या बाई. कोण बाई? मला आधी खरंच समजलं नाही. मॅडम! पहाटेच्या गाडीने एकट्या आल्या होत्या, स्वतःचा प्लास्टिकचा कागद घेऊन. मावशीनेच त्यांना फोन करून दिवस कळवला होता. दिवसभर लावलं, यंदा ओळ बरी सरळ आली, जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गेल्या. दिवाळी झाली की मावशी त्यांच्याकडे जाणार होती. खालचं कपाट काढायचं ठरलं होतं दोघींचं. गुरुवारी मॅडम ऑफिसात नव्हत्या ते मला आठवलं. घरगुती काम आहे, असं सांगून गेल्या होत्या. आणि शुक्रवारी चपला घालून लंगडत आल्या तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं की बाईंचे नवे बूट चावले वाटतं.

माझा आवाज चढला. मी म्हटलं, "मला का नाही कळवलंस? त्यांना कळवतेस आणि मला नाही? मी तुझी सख्खी भाची ना?"

मावशीला प्रश्नच कळला नसावा. ती अगदी सहज, मायेनेच म्हणाली, "तुला कशी बोलवू? तुजी माजी कुठं सावड हाय? तू आपली पावणी, कवाबी यावं, जेवावं."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. मॅडमचा आला, मावशीचा आला, मग नुसतंच रडू आलं. आख्ख्या तालुक्याला नावं ठेवत फिरणारी मी, आणि माझ्या आईच्या बहिणीच्या हिशेबात मी कुठे बसते ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. मी नाक पुसून एवढंच म्हटलं, तरी येते गं या शनिवारी, तुला बघायला.

मावशीला आनंद झाला. म्हणाली, ये की, किती जनं हायेत, तेवढ्या भाकरी टाकाय बऱ्या. मी म्हटलं, कुणी नाही, एकटीच आहे.

"मंग आसं कर," ती म्हणाली, "तळेघरात उतरलीस की फोन कर. वाट दावाय कुनाला तरी पाठवते."